गाणं चौघांचं, तोंड एकाचं

मॉरिसी हा माणूस मला मनापासून नावडतो आणि तो ज्या बँडचा गायक होता त्या 'द स्मिथ्स'ची गाणी मनापासून आवडतात. हे दोन्ही एका दमात सांगितलं की ऐकणारा लगेच यातून सुटायची वाट दाखवू लागतो. वाटा दोनच. पहिली जुनी : ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, गाणं ऐकावं, गाणारा कसा का असेना. दुसरी हल्लीची : एवढा डोक्यात जातो तर ऐकतोस कशाला? दर वेळी गाणं लावलंस की त्याच्या खिशात चार पैसे पडतात, ते तूच टाकतोस. पहिल्या वाटेने जाणारे मला आळशी वाटतात, दुसऱ्या वाटेचे जरा उतावळे. एका गोष्टीवर मात्र दोघांचं न बोलता एकमत असतं. बँड म्हणजे मॉरिसी. माझं भांडण तिथे आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८२ साली मँचेस्टरमध्ये जॉनी मार नावाच्या अठरा वर्षांच्या गिटारवाल्या पोराने स्ट्रेटफर्ड भागातल्या एका घराचं दार वाजवलं. आत तेवीस वर्षांचा, बेकार, पुस्तकांत आणि जुन्या सिनेमांत बुडालेला स्टीव्हन मॉरिसी. एकाने चाली बांधायच्या, दुसऱ्याने शब्द लिहून गायचं, असं ठरलं. बेसवर मारचा शाळेपासूनचा दोस्त अँडी रूर्क, ड्रम्सवर माईक जॉइस. १९८४ ते १९८७ या काळात चार स्टुडिओ अल्बम, शिवाय सुटी सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या, आणि १९८७ मध्ये मार बाहेर पडल्यावर खेळ खलास. तेव्हाही तो तेवीसचाच होता. ब्रिटनच्या खपाच्या यादीत त्यांचं एकही सिंगल कधी पहिल्या क्रमांकावर गेलं नाही, तरी नंतर आलेल्या इंग्रजी गिटार-बँडांत त्यांचं देणं नाकारणारा शोधूनच काढावा लागेल.

गाण्यांची गंमत अशी की चाल नाचरी आणि शब्द रडवे. पायाने ठेका धरलेला असतो आणि कानावर पडत असतं की कुणीतरी एकटं आहे, नोकरीला विटलंय, त्याच्यावर कुणाचं प्रेम नाही. पहिल्यांदा ऐकताना शब्द कळतही नाहीत, चालच डोक्यात घर करते. दोन दिवसांनी भांडी घासताना आपण काय गुणगुणतोय याचा अर्थ लागतो आणि हसू येतं.

आता माणसाकडे. १९८८ साली मॉरिसीचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, त्यात प्लॅटफॉर्म बूट घालून इंग्रज व्हायला निघालेल्या एका बंगाल्यावर गाणं आहे. जे इथलेच आहेत त्यांनासुद्धा जगणं कठीण जातं, असं तो त्याला हलकेच सुनावतो. त्याचे चाहते याला सहानुभूती म्हणतात. मला ते गोड बोलून दार लावून घेणं वाटतं. 'आधी इथल्यांचं बघा' हा सूर मुंबईकराला काही नवा नाही म्हणा. मुंबईत तो लावणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून ऐकला की एक लागतो, लंडनमध्ये ऐकून घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून ऐकला की दुसराच.

पुढे १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये, गर्दीत कट्टर उजवी पोरं असताना, हा गडी ब्रिटनचा झेंडा अंगाला लपेटून गायला. २०१० मध्ये चीनमध्ये जनावरांना कसं वागवतात यावर बोलता बोलता चिनी लोकांना माणसांची खालची जात ठरवून मोकळा झाला. २०११ मध्ये नॉर्वेत तरुण पोरांचं हत्याकांड झालं. दोन दिवसांनी वॉर्साच्या मंचावरून याने सांगितलं की बर्गर आणि चिकन विकणाऱ्या साखळी दुकानांत रोज जे घडतं त्यापुढे हे काहीच नाही. (शाकाहाराचा एवढा वाईट वकील मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी पाच पिढ्यांच्या वरणभात-तुपावर वाढून म्हणतो आहे.) २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमात तो गायला तेव्हा कोटावर 'फॉर ब्रिटन' या इस्लामविरोधी पक्षाचा बिल्ला होता.

त्याची बाजूही सांगायला हवी. आपण वंशवादी नाही असं तो सतत सांगत आला आहे. २००७ च्या मुलाखतीवरून 'एनएमई' या साप्ताहिकाशी त्याने कोर्टात भांडण काढलं आणि २०१२ मध्ये साप्ताहिकाने, आम्ही त्याला वंशवादी मानत नाही, असं छापून माफी मागितली. ठीक आहे. माणूस मनातून कोण आहे हे ठरवायला मी बसलेलो नाही. तो जे जाहीर बोलतो ते मला पुरतं. त्यात मॉरिसीचे आई-वडील आयर्लंडहून आलेले, मार आणि जॉइस यांचेही, रूर्कचे वडीलही. म्हणजे स्थलांतरितांच्या पोरांनी उभा केलेला हा बँड, आणि त्याचं तोंड पुढे स्थलांतरितांविषयी असं बोलायला लागलं.

पण बँड नुसत्या तोंडाने होत नाही, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका स्टुडिओत या लोकांनी जे गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'हाउ सून इज नाउ?', ते आज स्मिथ्स म्हटलं की पहिल्यांदा आठवतं. त्यात पार्श्वभूमीला गिटारचा एक लाटांसारखा हलणारा, थरथरता आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. तो एका बटणाने आलेला नाही. मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी गिटारचा आवाज चार फेंडर अँप्लिफायरांतून सोडला. प्रत्येक अँपवर कंपनाचा वेग कमी-जास्त करायचा खटका असतो. दोन अँप एकाने सांभाळायचे, दोन दुसऱ्याने. चारही अँपची थरथर ड्रम्सच्या लयीत जुळली की टेप चालू करायची. काही सेकंदांत एखादा अँप लयीतून घसरायचा. टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा जुळवायचं, पुढचा तुकडा घ्यायचा. मॉरिसीने आपले शब्द या तयार पायावर नंतर येऊन गायले. कंपनीला या गाण्याची किंमत कळली नाही. आधी ते दुसऱ्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला छापलं गेलं.

हे सगळं मी लिहितोय ते गिटारचं वेड आहे म्हणून, ते कबूलच. पण ते ऐकताना 'मला मॉरिसी ऐकायचा नाही' असं म्हणून बंद करणारा माणूस नक्की काय बंद करतो? चार अँप्ससमोर वाकून बसलेली ती दोन माणसं तो बंद करतो. रूर्कचा बेस बंद करतो, जो अनेक गाण्यांत स्वतःची वेगळी चाल गात जातो आणि गिटारला लाज वाटावी इतका मोकळा खेळतो. आणि ज्याच्यावर राग आहे त्याला एक प्रमाणपत्र मात्र देतो : हे सगळं तुझंच होतं.

तेच तर त्याला हवं होतं. १९९६ साली हा वाद लंडनच्या हायकोर्टात गेला. बँडच्या कमाईतले ४० टक्के मॉरिसी, ४० टक्के मार आणि दहा-दहा टक्के रूर्क आणि जॉइस, अशी वाटणी चालत आली होती. जॉइसचं म्हणणं होतं की असं कधी ठरलंच नव्हतं, आणि काही ठरलेलं नसेल तर भागीदारीत सगळे सारखे. १८९० चा ब्रिटिश भागीदारी कायदा तेच सांगतो. आपला १९३२ चा भारतीय भागीदारी कायदाही तेच सांगतो, कुठल्याही पेढीच्या मुनिमाला विचारा. न्यायाधीश वीक्स यांनी जॉइसच्या बाजूने निकाल दिला : पाव हिस्सा. शब्द आणि चालीचे हक्क वेगळे, ते दोघांकडेच राहिले, पण वाजवण्या-गाण्याच्या कमाईत चौघे समान. निकाल देताना न्यायाधीशांनी मॉरिसीविषयी जे म्हटलं ते इंग्लंडात म्हणीसारखं झालं आहे : स्वतःच्या हिताचा प्रश्न आला की हा माणूस आडवळणी, अडेलतट्टू आणि बेभरवशाचा. मॉरिसी अपिलात गेला, १९९८ मध्ये तिथेही हरला.

इथे माझ्या लाडक्या मारला मी सोडत नाही. ४० टक्के त्यानेही घेतलेच होते आणि खटल्यात तो प्रतिवादीच्याच बाकावर होता. रूर्कचं तर सगळ्यांत वाईट झालं. पैशाची नड होती म्हणून त्याने आधीच ८३ हजार पौंड आणि दहा टक्क्यांवर तडजोड करून टाकली होती. जॉइसला मिळालेला पाव हिस्सा त्याच्या वाट्याला आला नाही. २०२३ मध्ये कर्करोगाने तो गेला. त्यामुळे 'एक दुष्ट गायक आणि तीन गुणी वादक' अशी गोष्ट मला सांगता येत नाही, आणि सांगायचीही नाही. कोर्टाने जे म्हटलं तेवढंच मला हवं आहे. गाणं वाजवणारे चार जण होते.

यावर चांगला आक्षेप असा की चाल कुणाचीही असो, शब्द त्याचे आणि गळा त्याचा. गाणं ऐकताना तोच माणूस तुमच्या कानात बोलत असतो, अँप्लिफायर बोलत नाही. हे खरं आहे. त्याच्या पुढचंही खरं आहे, आणि ते चाहत्यांना फारसं आवडत नाही : त्याच्यातलं जे खटकतं ते गाण्यांच्या बाहेर राहिलेलं नाही. सगळं जग माझ्या विरुद्ध आहे, मला कुणी समजून घेत नाही, माझं काहीतरी हिरावून नेलंय, हा स्मिथ्सच्या गाण्यांचा कायमचा सूर. पंचविशीतल्या एकट्या पोराच्या तोंडी तो गोड लागतो, कारण त्या वयात तो आपलाही असतो. तोच सूर साठीच्या श्रीमंत माणसाने लावला, 'माझं' च्या जागी 'माझा देश' आला, की त्याचं राजकारण होतं. बी तेच.

मग ते कळल्यावर गाणं टाकून द्यायचं का? माझ्या मते उलट. ते कळल्यावर गाणं जास्त ऐकू येतं. आधी मी त्या पोराच्या बाजूने ऐकत होतो. आता ऐकताना दिसतं की या स्वतःची कीव करण्यात किती मोहिनी आहे, किती हुशारीने ती विनोदात गुंडाळली आहे, आणि आपण किती सहज तिच्यामागे गेलो. पूर्वी चाल मला त्याच्याकडे ओढून न्यायची. आता चाल ओढते आणि शब्द ढकलतात, आणि त्या ओढाताणीत गाणं संपतं. पूर्वीइतका निर्भेळ आनंद नाही, पण आनंद नाही असंही नाही. 'कला वेगळी, कलाकार वेगळा' म्हणणाऱ्याला ही ओढाताण नको असते. त्याला धुतलेलं, इस्त्री केलेलं गाणं हवं असतं. नदीचं मूळ विचारू नये म्हणे. ज्या गावाला नदीचं पाणी प्यायचंय त्याने वर काय मिसळतंय हे विचारलेलंच बरं. विचारूनही पाणी पिता येतं.

पैशाच्या मुद्द्याला मात्र मी सोपं उत्तर देऊ शकत नाही. गाणं वाजलं की गीतकार म्हणून त्याला काहीतरी मिळतं, मारलाही मिळतं. ऑनलाइन ऐकण्यातून येणारी रक्कम चिल्लर असते, पण चिल्लर म्हणजे शून्य नव्हे. तरीही पैसा हे आपल्या अस्वस्थतेचं खरं कारण आहे यावर माझा विश्वास बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मॉरिसीने जाहीर केलं की स्मिथ्समधलं आपलं सगळं, नाव, गाणी, हक्क, हे विकायला काढलं आहे, घेणाऱ्याने पुढे यावं. समजा उद्या एखाद्या गुंतवणूक कंपनीने ते घेतलं. आपल्या ऐकण्याचा एक पैसाही त्याच्याकडे जाणार नाही. तेव्हा आज गाणं बंद करणारे निर्धास्तपणे ऐकायला लागतील का? मला नाही वाटत. त्यांना तो आवाजच नकोसा झालेला असतो. त्यात गैर काही नाही. ज्याला मन लागत नाही त्याने ऐकू नये. फक्त त्याला हिशेबाचं रूप देऊ नये, आणि तो हिशेब दुसऱ्याच्या कानावर लादू नये.

कानावर हुकूम चालवायचा मोह मारलाही झाला होता. २०१० च्या डिसेंबरात, ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या फीवाढीवरून विद्यार्थी रस्त्यावर होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आपण स्मिथ्सचे चाहते असल्याचं आवर्जून सांगत. मारने ट्विटरवर त्यांना ठणकावलं की तुम्हाला स्मिथ्स आवडतात असं म्हणणं थांबवा, मी तुम्हाला ते आवडून घ्यायला बंदी करतो. काही दिवसांनी संसदेत एका विरोधी खासदारबाईंनी हाच विषय काढून कॅमेरनना टोमणा मारला आणि त्यांनी बँडच्या गाण्यांची नावं घेऊन उत्तर दिलं. सभागृह हसलं. मॉरिसीने या बाबतीत मारला पाठिंबा दिला. दोघांचं एकमत होण्याचे असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. मारचा राग मला समजतो, मी त्याच्याच बाजूचा आहे. पण बंदी? कॅमेरनना गाणं आवडत असेल तर ते आवडतंच. ज्याने चाल बांधली त्याचीसुद्धा ऐकणाऱ्याच्या कानावर सत्ता नाही. मग मॉरिसीची तरी कुठून असणार? लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोहून आलेल्यांच्या पोरांनी या मॉरिसीला डोक्यावर घेतलं आहे, त्याची गाणी गाणारे स्वतःचे बँड काढले आहेत. स्थलांतरितांविषयी तो जे बोलतो त्याच्या नेमक्या निशाण्यावरची ही माणसं. त्यांना कुणी जाऊन सांगावं की तुमचं ऐकणं चूक आहे?

मला विचाराल तर मॉरिसीला सगळ्यांत चांगलं उत्तर 'कॉर्नरशॉप' या बँडने दिलं. तजिंदर सिंग हा त्यांचा गायक, पंजाबी घरातला इंग्लंडमधला पोरगा. बँडच्या नावातच इंग्लंडमधल्या आशियाई माणसाच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची टर आहे. १९९२ मध्ये, झेंड्याच्या प्रकरणाच्या सुमारास, या पोरांनी मॉरिसीची रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या लंडनमधल्या कचेरीबाहेर त्याचं चित्र जाळलं. तेवढ्यावर थांबले असते तर आज त्यांची कुणी आठवण काढली नसती. १९९७ मध्ये त्यांनी एक गाणं काढलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले, सांगलीत जन्मलेल्या. गाण्यात लता मंगेशकर आहेत, रफी आहेत, ऑल इंडिया रेडिओ आहे आणि मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी छोटी तबकडी आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचं रीमिक्स ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या देशात बंगाल्याला 'इथल्यांनाच जगणं कठीण' असं गाऊन सांगितलं गेलं होतं, त्याच देशातल्या पबांत दहा वर्षांनी गोरी पोरं आशाबाईंचं नाव घेत नाचत होती. आणि चाल अशी चिकट की एकदा डोक्यात शिरली की आठवडाभर हलत नाही. जे स्मिथ्सना कधी जमलं नाही ते, पहिला क्रमांक, किराणा दुकानाने मिळवलं. हे मी थोडं कुत्सितपणे लिहितोय, पण सुख होतं लिहिताना.

तर मग सार्वजनिक ठिकाणी काय करावं? २०१९ मध्ये, बिल्ल्याच्या प्रकरणानंतर, लिव्हरपूलकडच्या मर्सीरेलने एका प्रवाशाच्या तक्रारीवरून स्टेशनांवरची त्याच्या नव्या अल्बमची पोस्टर्स उतरवली, आणि कार्डिफमधल्या 'स्पिलर्स' या फार जुन्या रेकॉर्ड दुकानाने तो अल्बम विकायचं नाकारलं. या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. दुकान दुकानदाराचं. नवी, त्या माणसाच्या एकट्याच्या नावाची वस्तू विकायची की नाही हे तो ठरवणार, आणि आपण का विकत नाही हे त्याच्या मालकिणीने उघडपणे सांगितलं. पोस्टरवर एका माणसाचा चेहरा आणि अल्बमचं नाव, बाकी काही नाही. रेल्वेने कुणाचा चेहरा प्रवाशांना झेपेल हे ठरवायला लागू नये. स्पॉटिफायने २०१८ च्या मे महिन्यात हेच करून पाहिलं. वागणुकीवरून काही गायकांना आपल्या प्लेलिस्टमधून काढलं आणि काही आठवड्यांतच धोरण गुंडाळलं, कारण कुणाला काढायचं आणि कुणाला ठेवायचं याची रेघ कुठेच नीट ओढता येईना. माझी स्वतःची रेघ मात्र मी ओढली आहे, ती दुसऱ्यांना बंधनकारक नाही. स्मिथ्सच्या जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या, कारण त्या चौघांच्या आहेत. मॉरिसीच्या कार्यक्रमाचं तिकीट काढायचं नाही, कारण तिथे मी गाणं ऐकायला जात नाही, त्या माणसासमोर टाळ्या वाजवायला जातो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये तो जे बोलेल त्यालाही त्या टाळ्या धरल्या जातात. त्याचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायचा नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणत त्याची प्रत्येक मुलाखत सावरून घेणाऱ्या चाहत्यांच्या ओळीत बसायचं नाही.

२०२४ मध्ये उलगडलं की स्मिथ्सच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्यासाठी एका मोठ्या कंपनीने रक्कम पुढे केली होती. मॉरिसी तयार होता, मार नाही म्हणाला. मी मारच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तो आपल्या कार्यक्रमांत स्मिथ्सची गाणी स्वतः गातो, लोक त्याच्याबरोबर गातात, बिल्ले नाहीत, भाषणं नाहीत. माझ्या सगळ्या तक्रारी तिथे मिटायला हव्यात. त्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं मी बरीच ऐकली आहेत. गिटार अस्सल, माणूस सरळ, आणि गळा जेमतेम. ओळ शेवटाला वर चढते तिथे मॉरिसी जो एक लाडिक, किंचित उपहासाचा झोका देतो तो मारला येत नाही, त्याने कधी आणायचा प्रयत्नही केलेला नाही. मी दोन गाणी ऐकतो आणि परत जुनी रेकॉर्ड लावतो.